बेकीचा दिवस

लढाई करणाऱ्यांनाही कधी लाज वाटते म्हणतात. आमच्या बेटाच्या वाट्याला ती आली तीसुद्धा निम्मीच.

उन्हाळा सरता सरता समोरच्या किनाऱ्यावरून गोळे पडायला लागले, ते ना रात्र बघायचे ना दिवस. समोरचा किनारा काही लांब नव्हे. वारा बरा असला की होडीनं जाऊन, बाजार करून, संध्याकाळच्या जेवणाला परत यावं एवढाच. बोली तीच, देव तेच, सोयरीकसुद्धा तिकडचीच. पण नऊ वर्षांपूर्वी वरच्या लोकांचं बिनसलं, मधलं पाणी एका दिवसात बंद झालं, आणि जो जिथं होता तो तिथंच राहिला. मग तोफा आल्या. त्यांच्या त्यांनी आणल्या, आमच्या आमच्यांनी आणल्या. आमच्या तर टेकडीमागंच, त्यामुळं इकडचा गोळा सुटला तरी आमचीच कौलं खाली.

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी समोरचा भोंगा अगदी लग्नाचं आवतण द्यावं तसा गोड आवाजात बोलला, "बेटावरच्या बंधू-भगिनींनो, यापुढं बेकीच्या दिवशी आम्ही गोळे टाकणार नाही. दोन, चार, सहा, आठ. बाहेर या, भाजी काढा, मासळी धरा. एकीच्या दिवशी मात्र बाहेर पडू नका."

देवळाच्या पायरीवर बसलेला खोंगकाका खोखो हसला. जन्मभर परदेशी जहाजांवर राबून म्हातारपणी गावात येऊन पडलेला माणूस. त्याला मरणाचीही थट्टा सुचायची. "ऐकलंत का? यमानं दिवसाआड सुटी घेतली! आता आजाऱ्यानंही दिवस बघून डोळे मिटायचे."

"हसताय काय काका?" खिम-न्यू करवादली. "मेल्यांना एक दिवस हात आवरता येतो, तर दुसऱ्या दिवशी काय हाताला खाज सुटते?"

 

खिम-न्यू म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जिभेची बाई. कालवं फोडण्यात जन्म गेलेला, बोटं चिरून चिरून जाड झालेली. नवरा आणि थोरला मुलगा कालवांच्या टोपल्या घेऊन समोरच्या बंदरावर गेले होते, त्याच दिवशी पाणी बंद झालं. जिवंत आहेत की नाहीत हेही कळायला मार्ग नाही, आणि विचारायचीही सोय नाही. ज्याचं माणूस तिकडं, त्याच्यावर इकडच्यांचा डोळा. म्हणून घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की ते दोघं वादळात बुडाले. घरी राहिला होता धाकटा मुलगा थ्यान-सू, त्याची बायको बी-ल्यान, आणि त्यांची सहा वर्षांची लान. थ्यान-सूला गावातल्या सगळ्या तरण्या पुरुषांबरोबर तोफांचे गोळे वाहायला लावलं होतं. पंधरा-पंधरा दिवस तो घरी यायचा नाही.

आणि खिम-न्यूचा सगळा जीव त्या लानमध्ये अडकलेला.

दोन महिने पोर तळघरात होती. रताळी साठवायचा खड्डा तो, त्यात तीन माणसं आणि एक कोंबडी. आधी लान रडायची, मग चिडायची, आणि पुढं पुढं काहीच करेनाशी झाली. दार वाजलं तरी जागच्या जागी चड्डी ओली करायची. पेज पाजली की ओकायची. गालाचा रंग कोंब आलेल्या रताळ्यासारखा पांढुरका झाला होता, पाय काड्या झाले होते. खिम-न्यू तिच्या पिंढऱ्या चोळायची आणि सुनेला म्हणायची, "गोळ्यानं नाही, हे तळघरच माझ्या पोरीला खाणार. बघत राहा."

त्यामुळं भोंगा बोलला तेव्हा इतरांना हसू आलं, रागही आला, पण खिम-न्यूनं मनातल्या मनात दिवस मोजायला घेतले. आमच्या सैन्यानं लगेच बजावलं होतं, शत्रूच्या शब्दावर विसंबू नका. विसंबू नका म्हणाले, पण दिवस कसे मोजायचे ते कुणी सांगितलं नाही. शत्रूच्या शब्दाची फोड करून सांगायची म्हणजे तो खरा मानल्यासारखं झालं असतं ना!

आता कालवंवालीचा दिवस कशावर चालतो? चंद्रावर. उधाण कधी, मोठी ओहोटी कधी, देवळातल्या माउलीला नैवेद्य कधी, पोराचं जावळ कधी, सगळं चंद्राच्या पंचांगावर. कचेरीतली तारीख वेगळी असते हे तिनं ऐकलं होतं. पण राजधानीतला भाव माहीत असून गल्लीतल्या भाजीला जसा त्याचा उपयोग नाही, तसा तिला त्या तारखेचा कधी उपयोगच पडला नव्हता. गावातल्या साऱ्याच जुन्या माणसांचं असं. शाळा बंद, मास्तर पळालेले, तरणे पुरुष टेकडीमागं. तेव्हा एकी-बेकी चंद्राच्या दिवसांवरूनच मोजली गेली.

आणि दैव असं हरामखोर, की मोजणी जुळली! त्या महिन्यात ऑक्टोबरची तारीख आणि चंद्राचा दिवस जोडीनं चालत होते. हा एकीचा तर तोही एकीचा. चंद्राच्या चौदाला गोळा पडला नाही. पंधराला, पुनवेला, पडले. सोळाला नाही. सतराला पडले. अठराला एकदम सामसूम. एकोणीसला क्वान-इम माउलीचा सण; त्या दिवशी तरी सोडतील असं बायकांना वाटलं होतं, पण दुपारभर धुमश्चक्री चालली आणि देवळाचा एक कोपरा गेला.

"माउलीलाही सोडलं नाही," बी-ल्यान कान दाबून म्हणाली.

"एकोणीस म्हणजे एकीच की गं," खोंगकाका शेजारच्या खड्ड्यातून ओरडला. "शब्दाचे पक्के हो बेटे! असे जावई मिळाले असते तर पोरींचं भलं झालं असतं."

बेकीच्या दिवसांनी लानमध्ये फरक पडायला लागला होता. पहिल्यांदा अंगणात आणली तेव्हा उन्हानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती आजीच्या पायांना घट्ट बिलगली. दुसऱ्या वेळी देवळापर्यंत चालली. तिसऱ्या वेळी खोंगकाकाच्या वाळत घातलेल्या ज्वारीवरून कोंबडीच्या मागं धावली, काकानं शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या ऐकून खिम-न्यूला रडू फुटलं. त्या दिवशी पोरीनं वाटीभर पेज खाल्ली आणि ती पोटात ठरली. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न तोच, "आजी, आज बेकी?"

चंद्राच्या विसाव्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "हो, आज बेकी. आज कालवं काढायला जायचं."

"आई, आजच नको," बी-ल्यान म्हणाली. "हे आल्यावर बघू. यांना नीट ठाऊक असेल."

"त्याला काय ठाऊक असायचंय? काल पडले, आज नाही. आंधळ्यालाही कळेल. आणि वीसची ओहोटी पुन्हा कधी मिळणार आहे? त्या दगडांवर कालवं कुजून चालली असतील. पोरीला चार कालवं घालून शेवया देऊ. रक्त येईल अंगात."

"तुम्ही जा. तिला राहू दे."

"मला पण यायचंय!" लान किंचाळली. तो आवाज कसा खणखणीत निघाला होता! दोन महिन्यांत असा निघाला नव्हता. दोघी बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बी-ल्याननं मुलीच्या डोक्याला फडकं बांधून दिलं, आणि पाठीवरून हात फिरवून पुढं केलं.

किनाऱ्यावरच्या काटेरी तारेच्या फाटकाशी एरवी पहारेकरी असतो. त्या दिवशी कुणी नव्हतं, फाटक नुसतं ओढून घेतलेलं. शांततेचा दिवस, गेला असेल झोपायला, असं खिम-न्यूला वाटलं. तो खंदकात होता. त्याच्याकडं कचेरीतली तारीख होती.

खाली आणखी चार-पाच बायका आधीच आल्या होत्या. त्याही चंद्रावरच मोजणाऱ्या. पाणी लांबवर गेलं होतं. चिखलात ओळीनं पुरलेले कालवांचे दगड उघडे पडले होते, शेवाळून हिरवेगार. दोन महिन्यांनी एकमेकींना उजेडात बघून बायकांच्या बोलण्याला ऊत आला.

"अगं, तू जिवंत आहेस? मी तर तुझ्या नावानं उदबत्ती लावून बसले होते!"

"तुझ्या उदबत्तीला आग लागो. माझी टोपली परत कर आधी."

लानला चिखलात उतरवलं. आधी तिनं पाय उचलून धरले, मग एकदा रुतवले आणि हसली. दगडांच्या फटीत एक लालसर खेकडा दिसला, तशी ती त्याच्या मागं लागली. खिम-न्यू आकडीनं कालवं पाडत होती. हात चालू, नजर पोरीवर, आणि तोंडानं सारखं, "लांब जाऊ नको. लान, लांब जाऊ नको गं." पोर दोन ओळी पलीकडं होती. चार पावलं म्हणा ना.

पहिला आवाज आला तेव्हा कुणी मान वर केली नाही. बेकीचा दिवस, म्हणजे आमच्याच तोफखान्यानं काहीतरी उडवलं असेल. मग डोक्यावरून ती ओळखीची शीळ गेली आणि गोळा मागं गावाच्या अंगाला फुटला. बायकांनी चिखलात अंग टाकलं.

खिम-न्यूनं टाकलं नाही. ती उभी राहिली. समोरच्या किनाऱ्याकडं तोंड करून, हातातली आकडी उंचावून, घसा फाटेस्तोवर ओरडली, "आज वीस आहे! अरे, आज वीस! आज बेकी!"

हिशेब चुकलाय तो त्यांचा, आणि सांगितलं की दुरुस्त करतील, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. लानही उठून उभी राहिली होती. आजी उभी म्हणून ती उभी. खिम-न्यू वळली, तिच्याकडं धावली, आणि तेवढ्यात दुसरा गोळा त्या दोघींच्या मधल्या ओळीच्या पलीकडं पडला.

चिखल खाली बसला तेव्हा खिम-न्यूच्या कानात नुसतं शिट्टीसारखं वाजत होतं. तिला फक्त खांद्याला लागलं होतं. लान दगडाला टेकून बसल्यासारखी होती. डोक्याचं फडकं जागच्या जागी होतं, चेहरा स्वच्छ होता, आणि पोटाकडं बघवत नव्हतं. "आजी," ती म्हणाली, आणि पुढं काय म्हणायचं ते विसरल्यासारखी तशीच राहिली.

खिम-न्यूनं तिला उचललं आणि गोळे पडत असताना सरळ चालत गावाकडं निघाली. धावली नाही. कशासाठी धावायचं ते उरलंच नव्हतं. फाटकाजवळच्या खंदकातून पहारेकऱ्यानं हात धरून तिला आत ओढलं. उत्तरेकडचा पोरगा, आमची बोली मोडकीतोडकी यायची त्याला.

"आजी, बाहेर कशाला आलात? आज एक तारीख! एक!"

"वीस," खिम-न्यू म्हणाली.

"एक. काल एकतीस होती. नवा महिना लागला."

"एकतीस?" तिनं त्याच्याकडं बघितलं. "महिन्यात तीसच्या वर दिवस असतो होय रे?"

चंद्राच्या महिन्यात नसतो. कधीच नसतो. एकोणतीस नाहीतर तीस; इतक्या पिढ्या समुद्र त्यावर चालला. कचेरीच्या महिन्याला मात्र एकतिसावा दिवस असतो, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच एक. एकीला लागून एकी. शब्दाचे पक्केच होते ते. खोंगकाकाला हे कळलं तेव्हा तो पायरीवर बसून राहिला, आणि त्यानंतर त्याच्या तोंडून थट्टा अशी गावानं ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन तारीख. आकाश स्वच्छ, चिमण्या ओरडत होत्या, दोन्हीकडच्या तोफा गप्प. आमच्याकडं लहान मुलाच्या प्रेतामागं घरच्या वडीलधाऱ्यांनी जायचं नसतं. शेजारच्या दोघांनी लाकडी खोका उचलला, बी-ल्यानला बायकांनी धरून ठेवलं, आणि खिम-न्यू उंबऱ्यावर बसून राहिली. थ्यान-सूला निरोप मिळून तो सकाळी पोचला होता. त्याच्या खांद्यांवर गोळे वाहून वाहून घट्टे पडले होते. तो ना रडला, ना आईला काही बोलला. बी-ल्यानही बोलली नाही. एक शब्द दोष दिला असता, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर खिम-न्यूला बरं वाटलं असतं. पण सुनेनं तिला गरम पाणी आणून दिलं आणि खांद्याचं फडकं बदललं.

दुपारी एक अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. डोळे खरोखर ओले होते त्याचे. मांसाचे दोन डबे आणि साखरेची पुडी त्यानं उंबऱ्यावर ठेवली, टोपी काढली. बोलणं उत्तरेकडचं, म्हणून थ्यान-सू आईला समजावून सांगत होता.

"साहेब म्हणतात, फार वाईट झालं. म्हणतात, तुमच्या नातीचा सूड आम्ही कालच घेतला. त्यांनी टाकले त्याच्या दुप्पट आपण टाकले. बंदरालगतची कोळ्यांची वस्ती पेटलेली दुर्बिणीतून दिसली."

खिम-न्यूनं पहिल्यांदा मान वर केली. "कुठली वस्ती?"

"बंदरालगतची."

"जिथं कालवं विकतात ती?"

थ्यान-सूनं मान डोलावली.

"विचार त्यांना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, अगदी शांत होता. "विचार, माझ्या पोरीचा सूड तुम्ही कुणावर उगवला? त्या वस्तीत तिचा आजा आहे. तिचा काका आहे. तिथं त्यांनी बिऱ्हाडं केली असतील, त्यांनाही पोरं असतील लानएवढी. मी मागितला होता सूड? माझ्या नावानं कुणी उचलला तो गोळा? विचार. सांग त्यांना सगळं."

अधिकारी थ्यान-सूच्या तोंडाकडं बघत थांबला होता. त्याच्यामागं दोन शिपाई होते, त्यांतल्या एकाला बोली थोडीफार समजत असावी. थ्यान-सू साहेबाकडं वळला.

"आई म्हणते, उपकार झाले," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं म्हातारीला लवून नमस्कार केला आणि तो गेला.

उन्हं कलली. खिम-न्यू लेकाकडं वळली. "खोटं सांगितलंस."

"मग काय सांगायला हवं होतं? बाबा तिकडं आहेत म्हणून? उद्या तुला आणि हिला उचलून नेलं असतं. नऊ वर्षं तूच शिकवलंस, बुडाले म्हणून सांग."

"काल तू वाहत होतास?"

"हो."

"लान पडली तेव्हा?"

"मला ठाऊक नाही, आई. आवाजात काही कळत नाही. खोकं उचलायचं, वर न्यायचं, परत यायचं. कुठं पडतात ते आम्हाला दिसतसुद्धा नाही."

"उद्या जाऊ नको."

"उद्या तीन तारीख. सकाळी हजर नसलो तर गोळी घालतील."

खिम-न्यूनं त्याचा हात धरला. अख्ख्या गावाला धारेवर धरणारी ती बाई, पोटच्या पोराकडं अशी केविलवाणी बघत होती की त्यालाच बघवेना. "बरं, जा. पण एक कर. एक तरी कमी उचल. लानच्या नावानं, एकच. कुणाच्या तरी घरावर एक कमी पडेल."

थ्यान-सूनं हात सोडवून घेतला नाही. 

"ते मोजतात, आई," तो म्हणाला.

सकाळी तो गेला. बी-ल्याननं खड्ड्याचं दार लावून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून पडली. ऊन वर आलं तशा समोरच्या तोफा सुरू झाल्या, आणि लगेच टेकडीमागून आमच्या. वरची माती भुरूभुरू डोक्यावर पडत होती. शेजारच्या खड्ड्यात बायका माउलीचं नाव घेत होत्या, येणारे गोळे टळावेत म्हणून. खिम-न्यू येणाऱ्यांकडं लक्षच देत नव्हती. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि टेकडीमागून आपल्यातला एकेक सुटला की त्याला हात जोडून पुटपुटत होती, "समुद्रात पड रे, बाबा. समुद्रात पड."